केशवाहिन्या आणि तांबड्या पेशी : रुधिराभिसरणातील अरुंद वाटेचा विचार

रुधिराभिसरणाचा विषय निघाला की प्रथम हृदयाकडे लक्ष जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. हृदयाचे स्पंदन हाताला जाणवते, कानाला ऐकू येते, आणि ते थांबले की जीवन थांबते हे सर्वांना ठाऊक असते. तथापि ज्या कार्यासाठी अभिसरणाची ही सर्व योजना आहे, ते कार्य हृदयात होत नाही. रक्तातील ऑक्सिजन व पोषकद्रव्ये ऊतकांना देणे आणि तेथील त्याज्य द्रव्ये परत घेणे हा खरा व्यवहार मोठ्या रोहिण्यांत अथवा नीलांतही घडत नाही. तो घडतो केशवाहिन्यांत. शरीरातील एकूण रक्तापैकी कोणत्याही एका क्षणी शेकडा पाचांच्या आसपास रक्तच या वाहिन्यांत असते, आणि रक्तातील प्रत्येक पेशी एका फेरीत तेथे एक ते तीन सेकंदच राहते. उरलेला सर्व काळ ती केवळ प्रवासात असते.

या अल्प अवधीत आणि या अरुंद वाटेत व्यवहार पुरा व्हावा यासाठी वाहिनीची रचना व पेशीची घडण या दोहोंचा परस्परांशी मेळ असावा लागतो. तो मेळ कशात आहे, आणि तो बिघडला असता काय घडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. बिघाडाचे उदाहरण म्हणून सिकलसेल हा विकार घेतला आहे. हा विकार विदर्भात व खानदेशाच्या आदिवासी भागांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. आणि त्याचे मर्म केशवाहिनीतील त्या एक-दोन सेकंदांत आहे, ही गोष्ट गेल्या अर्धशतकातील संशोधनाने स्पष्ट केली आहे.

अदृश्य दुव्याचा शोध

इ. स. च्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन याच्या मते रक्त यकृतात तयार होत असे, शरीरभर पसरत असे व तेथेच खर्ची पडत असे. त्याचा काही अंश हृदयाच्या मधल्या पडद्यातील सूक्ष्म छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपतो, असेही त्याने मानले होते. हे मत युरोपात जवळजवळ चौदा शतके प्रमाण मानले गेले. पडद्यात अशी छिद्रे नाहीत व रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येते, असे तेराव्या शतकात इब्न अल्-नफीस या अरब वैद्याने लिहून ठेवले होते. परंतु युरोपातील विचारावर त्याचा तत्काळ परिणाम झालेला दिसत नाही.

इ. स. १६२८ मध्ये विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याचा हृदय व रक्त यांच्या गतीविषयीचा ग्रंथ फ्रँकफुर्ट येथे प्रसिद्ध झाला. हार्वेची युक्ती अंकगणिताची होती. प्रत्येक ठोक्याला हृदयातून बाहेर पडणारे रक्त कितीही थोडे धरले तरी अर्ध्या तासातील ठोक्यांनी त्यास गुणले असता येणारा आकडा शरीरातील एकूण रक्ताहून अधिक भरतो. एवढे रक्त खाल्लेल्या अन्नापासून इतक्या वेळात निर्माण होणे अशक्य आहे. अर्थात् तेच रक्त पुनःपुन्हा हृदयाकडे परत येत असले पाहिजे. नीलांमधील झडपा रक्ताला केवळ हृदयाच्या दिशेनेच जाऊ देतात, ही गोष्टही या अनुमानास पोषक होती. परंतु रोहिण्यांतील रक्त नीलांत नेमके कोठून जाते हे मात्र हार्वेला दाखविता आले नाही. साध्या डोळ्यांना तो दुवा दिसणे शक्य नव्हते, आणि इ. स. १६५७ मध्ये हार्वे मृत्यू पावला तेव्हाही तो अज्ञातच होता.

त्यानंतर चारच वर्षांनी, इ. स. १६६१ मध्ये, मार्चेल्लो मालपीगी या इटालियन शास्त्रज्ञाने बेडकाच्या फुप्फुसाचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करून रोहिणी व नीला यांना जोडणारे केसाहून बारीक वाहिन्यांचे जाळे पाहिले. हॉलंडमधील डेल्फ्ट येथील कापडाचे व्यापारी आंतोन व्हान लेव्हेनहूक यांनी इ. स. १६७४ मध्ये तांबड्या पेशींचे वर्णन केले व इ. स. १६८८ मध्ये बेडकाच्या पिलाच्या शेपटीत रक्त एका वाहिनीतून दुसरीत वाहताना प्रत्यक्ष पाहिले. अशा रीतीने वाट आणि वाटसरू हे दोन्ही एकाच पिढीत दृष्टीस पडले. त्यांच्यातील संबंध उलगडण्यास मात्र आणखी अडीचशे वर्षे लागली.

वाहिन्यांची रचना व प्रवाहाचा वेग

हृदयाच्या डाव्या निलयातून निघणारी महारोहिणी जाड व लवचिक भित्तीची असते. हृदयाच्या आकुंचनाबरोबर ती फुगते व प्रसरणाच्या वेळी पूर्ववत होताना रक्त पुढे ढकलते. त्यामुळे ठोक्याठोक्याने येणारा प्रवाह पुढे बराचसा संथ व अखंड होतो. महारोहिणीला फाटे फुटत फुटत शेवटी रोहिणिका तयार होतात. रोहिणिकांच्या भित्तीत अनैच्छिक स्नायूंचे वेढे असतात व ते आवळून किंवा सैल होऊन वाहिनीचा व्यास बदलतात.

व्यासातील या बदलाचे महत्त्व झां पॉयझय या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास काचेच्या बारीक नळ्यांवर केलेल्या प्रयोगांवरून कळून आले. दाब तोच राहिला तर नळीतून वाहणारा द्रव हा तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो, असा नियम त्याने मांडला. याचा अर्थ असा की त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा न होता सोळावा हिस्सा होतो, आणि त्रिज्या केवळ सहाव्या हिश्श्याने घटली तरी प्रवाह सुमारे निम्म्यावर येतो. कोणत्या अवयवास किती रक्त द्यावयाचे याचे नियमन शरीर मुख्यतः रोहिणिकांच्या द्वारे करते. थंडीने हातपाय पांढरे व गार पडतात ते या वाहिन्या आवळल्यामुळेच.

वाहिन्यांच्या आतील बाजूस पेशींचा एकच थर असतो. त्यास अंतःस्तर म्हणतात. हा थर म्हणजे केवळ गुळगुळीत अस्तर होय, असा समज पुष्कळ काळ होता. इ. स. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की अंतःस्तरातून निघणाऱ्या एका द्रव्यामुळे वाहिनीचे स्नायू सैल होतात. पुढे हे द्रव्य म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू असल्याचे निष्पन्न झाले, आणि त्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व म्युराड यांना इ. स. १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अंतःस्तर वाहिनीस सैल ठेवतो, रक्त आत गोठू देत नाही, व कोणत्या पेशीस भित्तीला चिकटू द्यावे हेही ठरवितो.

रोहिणिकांच्या पुढे केशवाहिन्या लागतात. त्यांच्या भित्तीत स्नायू नसतो. अंतःस्तराचा एक थर व त्याबाहेर एक पातळ आधारपटल एवढीच ती भिंत असते. तिचा व्यास पाच ते दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी असतो. एकेक केशवाहिनी अशी अरुंद असली तरी त्यांची संख्या इतकी मोठी आहे की त्यांच्या छेदांचे एकत्रित क्षेत्रफळ महारोहिणीच्या छेदाच्या सुमारे हजार पट भरते. नदीचे पात्र रुंदावले की पाणी संथ होते, त्याच न्यायाने महारोहिणीत सेकंदास सुमारे ३३ सेंटिमीटर धावणारे रक्त केशवाहिन्यांत सेकंदास मिलिमीटरच्या एक-तृतीयांश इतक्या मंद गतीने सरकते. केशवाहिनीची लांबी मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी असल्यामुळे रक्ताला तेथे एक ते तीन सेकंद मिळतात.

एवढा वेळ पुरतो याचे कारण अंतर अत्यल्प असते. ऑक्सिजन रक्तातून ऊतकात जातो तो विसरणाने, आणि विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; अंतर दसपट झाले तर वेळ शंभरपट लागतो. म्हणूनच क्रियाशील ऊतकांतील बहुतेक पेशी जवळच्या केशवाहिनीपासून वीस-तीस मायक्रॉनांच्या आतच असतात. श्रम करणाऱ्या स्नायूंत विश्रांतीच्या वेळेपेक्षा पुष्कळ अधिक केशवाहिन्यांतून रक्त वाहू लागते, असे डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग यांनी दाखविले. या कार्याबद्दल त्यांना इ. स. १९२० मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले.

तांबड्या पेशीची घडण

निरोगी मनुष्याच्या एका घन मिलिमीटर रक्तात सुमारे पन्नास लाख तांबड्या पेशी असतात. अस्थिमज्जेत प्रत्येक सेकंदास वीस लाखांहून अधिक नव्या पेशी तयार होतात व जवळजवळ तितक्याच जुन्या पेशी नाहीशा होतात. पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त बाहेर टाकते, आणि शरीरातील एकूण रक्तही साधारण तितकेच असते. तेव्हा सरासरीने प्रत्येक पेशीची मिनिटाला एक फेरी होते असे धरल्यास एक पेशी जन्मापासून अखेरपर्यंत पावणेदोन लाखांच्या आसपास फेऱ्या करते, आणि तितक्याच वेळा तिला केशवाहिनीच्या अरुंद वाटेतून जावे लागते.

ही पेशी मधोमध दोन्ही बाजूंनी दबलेल्या चकतीसारखी असते. तिचा व्यास साडेसात ते आठ मायक्रॉन व कडेची जाडी दोन मायक्रॉनांहून थोडी अधिक असते. म्हणजेच पुष्कळ केशवाहिन्या तिच्यापेक्षा अरुंद असतात. असे असूनही ती अडकत नाही, कारण ती ताठ नाही. तिचे घनफळ सुमारे ९० घन मायक्रॉन व पृष्ठफळ सुमारे १४० चौरस मायक्रॉन असते; तेवढ्याच घनफळाच्या गोलाला शंभराहूनही कमी चौरस मायक्रॉन पृष्ठफळ पुरले असते. आतील द्रवाच्या मानाने तिचे आवरण असे मोठे व सैल असते. तोंडापर्यंत भरलेली पखाल वाकत नाही. तीच थोडी रिती असली तर दाबावी तशी दबते व अरुंद दारातूनही नेता येते. पेशीचेही तसेच आहे. केशवाहिनीत शिरताना ती घडी पडल्यासारखी किंवा टोपीसारखी होते, एकामागून एक अशा ओळीने पुढे जाते, आणि बाहेर पडताच पूर्वीचा आकार धारण करते. पक्व होताना मनुष्याच्या तांबड्या पेशीतील केंद्रक बाहेर टाकले जाते. त्यामुळे आत कोणताही टणक भाग राहत नाही, व सर्व जागा हीमोग्लोबिनाला मिळते.

हीमोग्लोबिनाची आवश्यकता पुढील हिशोबावरून ध्यानात येईल. शंभर मिलिलिटर रक्तद्रवात केवळ ०.३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळू शकतो. विश्रांतीच्या अवस्थेत शरीरास मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. केवळ विरघळलेल्या ऑक्सिजनावर भागवावयाचे म्हटले तर हृदयाला मिनिटाला ऐंशी लिटरांहून अधिक रक्त ढकलावे लागले असते. हीमोग्लोबिनामुळे शंभर मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो व त्यातील पाच मिलिलिटर ऊतकांस दिला तरी पाच लिटरांवर काम भागते. फुप्फुसांत घेतलेला हा ऑक्सिजन ऊतकांत सोडला जावा अशीही व्यवस्था आहे. कार्बन डाय-ऑक्साइडाचे व अम्लतेचे प्रमाण वाढले की हीमोग्लोबिनाची ऑक्सिजनावरील पकड सैल होते, असे क्रिस्टियन बोर, हासेलबाल्ख व क्रोग यांनी इ. स. १९०४ मध्ये दाखविले. जेथे श्रम अधिक तेथे कार्बन डाय-ऑक्साइड अधिक, आणि तेथेच ऑक्सिजन अधिक सुटतो.

तांबड्या पेशीच्या प्रत्येक शंभर मिलिलिटर घनफळात सुमारे ३३ ग्रॅम हीमोग्लोबिन असते. एखाद्या प्रथिनाचा इतका दाट द्राव क्वचितच आढळतो. इतका दाट असूनही तो द्रवच राहतो, गोठत नाही. हीमोग्लोबिनाचे रेणू एकमेकांस खेटून असले तरी एकमेकांस चिकटत नाहीत. पेशीची सर्व लवचिकता या एका गुणावर अवलंबून आहे. पेशी लवचिक आहे की नाही याची परीक्षा प्लीहेत होते. तेथील भित्तींतील फटी एक मायक्रॉनाच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी रुंदीच्या असतात. त्यांतून जी पेशी निसटते ती पुढे जाते. जुनी व ताठर झालेली पेशी तेथे अडकते व भक्षक पेशींकडून नष्ट केली जाते.

रक्तातील इतर दोन प्रकारच्या पेशींचा येथे केवळ उल्लेख पुरेसा आहे. बिंबाणू वाहिनीला इजा झाली तरच एरवी भित्तीस चिकटतात. पांढऱ्या पेशी तांबड्या पेशींपेक्षा मोठ्या व कमी लवचिक असतात. संसर्गाच्या जागी अंतःस्तरावर चिकट प्रथिने प्रकट होतात व पांढऱ्या पेशी भित्तीवरून गडगडत येऊन तेथे थांबतात आणि वाहिनीबाहेर पडतात. हे बहुधा केशवाहिन्यांच्या लगेच पुढील नीलिकांत घडते. ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

एका ॲमिनो अम्लाचा फरक

इ. स. १९१० मध्ये शिकागो येथील वैद्य जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडिजमधील ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्ताचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या लांबट, वाकड्या तांबड्या पेशी दिसत होत्या. या आकारावरूनच विकारास पुढे सिकलसेल हे नाव पडले; सिकल म्हणजे विळा. इ. स. १९२७ मध्ये हान व गिलेस्पी यांनी दाखविले की ऑक्सिजन काढून घेतला की या पेशी विळ्यासारख्या होतात व तो परत दिला की पूर्ववत होतात. इ. स. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी विद्युत्-क्षेत्रात रुग्णांचे हीमोग्लोबिन निरोगी हीमोग्लोबिनापेक्षा वेगळ्या गतीने सरकते असे सिद्ध केले. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूच्या रचनेत आहे, असे दाखविणारे हे पहिले उदाहरण होय. पुढे केंब्रिज येथे व्हर्नन इंग्रॅम यांनी इ. स. १९५६-५७ मध्ये तो फरक नेमका शोधून काढला. हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेतील १४६ ॲमिनो अम्लांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलिन असते, एवढाच तो फरक आहे.

हा बदल रेणूच्या पृष्ठभागावर असतो. ऑक्सिजन धारण केलेल्या अवस्थेत त्याने काही बिघडत नाही. परंतु ऑक्सिजन सुटला की या व्हॅलिनामुळे एक रेणू दुसऱ्याच्या खाचेत बसतो, दुसरा तिसऱ्याच्या, आणि पाहता पाहता लांब, ताठ तंतू तयार होतात. वर सांगितलेला दाट पण वाहता द्राव आता गोठतो. पेशी ताठ होते. म्हणजे हीमोग्लोबिन आपले विहित कार्य करते, ऑक्सिजन सोडते, नेमक्या त्याच वेळी आणि त्याच अरुंद जागी पेशीला धोका उत्पन्न होतो.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. प्रत्येक फेरीत प्रत्येक पेशी ऑक्सिजन सोडते. मग रुग्णाच्या सर्वच पेशी प्रत्येक फेरीत अडकून पडत का नाहीत? या प्रश्नाचे उत्तर ईटन, हॉफ्रिक्टर व रॉस या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या इ. स. १९७४ ते १९७६ मधील संशोधनातून मिळाले. ऑक्सिजन सुटल्याबरोबर तंतू तयार होत नाहीत. आधी काही काळ काहीच घडत नाही, आणि मग एकाएकी गोठण्याची क्रिया सुरू होते. या मधल्या काळास विलंबकाल म्हणता येईल. विलंबकाल केशवाहिनी ओलांडण्यास लागणाऱ्या वेळापेक्षा अधिक असेल तर पेशी लवचिक असतानाच अरुंद वाट पार करते. नंतर मोठ्या नीलेत ती ताठ झाली तरी तेथे वाट रुंद असते, आणि फुप्फुसात ऑक्सिजन मिळताच तंतू विरघळतात. याउलट विलंबकाल घटला किंवा पेशीला वाटेत थांबावे लागले तर ती आतच ताठ होते व मागून येणाऱ्या पेशींची वाट अडविते. रुग्णाचे जीवन या दोन काळांच्या शर्यतीवर अवलंबून असते, आणि बहुसंख्य फेऱ्यांत पेशी ही शर्यत जिंकते म्हणूनच रुग्ण जगू शकतो.

विलंबकाल पेशीतील सिकल हीमोग्लोबिनाच्या संहतीवर विलक्षण प्रमाणात अवलंबून असतो. प्रयोगात तो संहतीच्या सुमारे तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात आढळला. या हिशोबाने संहती केवळ शेकडा पाचांनी वाढली तरी विलंबकाल चौथ्या हिश्श्याच्या आसपास येतो. शरीरातील पाणी कमी झाले, पेशी आक्रसली, की नेमके हेच घडते.

दुसरीकडे, वाटेतील वेळ वाढविणारी कारणेही आहेत. थंडीने रोहिणिका आवळल्या की पॉयझयच्या नियमानुसार प्रवाह झपाट्याने मंदावतो. संसर्गाने अंतःस्तर चिकट बनतो व नीलिकांत पांढऱ्या पेशी आणि सिकल पेशी भित्तीला चिकटून वाट अधिकच अरुंद करतात. सिकल पेशी दहा ते वीस दिवसांतच नष्ट होतात, व त्यांपैकी काही वाहिन्यांतच फुटतात. त्यांतून बाहेर पडलेले हीमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते, आणि वाहिनी सैल ठेवणारे साधनच हिरावले जाते. अशा प्रकारे पेशीचा दोष वाहिनीचा दोष बनतो.

या अडथळ्यातून रुग्णाला सोसाव्या लागणाऱ्या यातना उद्भवतात. हाडांतील रक्तप्रवाह अडला की असह्य वेदना होतात. लहान मुलांत हातापायांची बोटे सुजतात. मेंदू, फुप्फुसे, मूत्रपिंडे यांसही इजा पोहोचू शकते. प्लीहेच्या अरुंद फटींत अडथळे येऊन ती बहुधा बालपणीच निकामी होते, व त्यामुळे न्यूमोकोकससारख्या जंतूंचा संसर्ग प्राणघातक ठरू शकतो. बाहेरून जखम किंवा व्रण दिसत नसल्याने या वेदनांवर इतरांचा विश्वास बसत नाही, ही रुग्णाची आणखी एक व्यथा होय.

महाराष्ट्रातील स्थिती व उपायांचे तत्त्व

भारतात हे हीमोग्लोबिन प्रथम इ. स. १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आढळले. मध्य भारतातील आढळाविषयीचे टिपण नागपूरचे शुक्ला व सोलंकी यांनी इ. स. १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या पाहण्यांवरून गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावतीचा मेळघाट, तसेच सातपुड्याच्या पायथ्याचा नंदुरबार या भागांत हा विकार पसरलेला असल्याचे दिसून आले. तो आदिवासींपुरता मर्यादित नाही; विदर्भातील इतर समाजांतही तो आढळतो. कित्येक समूहांत शंभरांपैकी दहाहून अधिक व्यक्ती वाहक असतात.

वाहक व रुग्ण यांतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच सिकलचे जनुक आलेली व्यक्ती वाहक होय. तिच्या पेशीत सिकल हीमोग्लोबिन निम्म्याहून कमी असते व उरलेले निरोगी असते. परिणामी विलंबकाल इतका लांबतो की नेहमीच्या जीवनात तिच्या पेशी केशवाहिनीत ताठ होत नाहीत. वाहक हा रोगी नव्हे. उलट, इ. स. १९५४ मध्ये ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखविल्याप्रमाणे घातक हिवतापापासून वाहकास बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले त्याचे कारण हेच. मात्र दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन, व जनुकमुक्त असण्याची चारांत एक असते. हा हिशोब प्रत्येक जन्मास स्वतंत्रपणे लागू पडतो. पहिले मूल निरोगी निपजले म्हणून दुसऱ्याविषयी निश्चिंत राहता येत नाही. विवाहापूर्वी रक्ततपासणीचा आग्रह धरला जातो तो यासाठी. दोन वाहकांना हा हिशोब आधी कळावा एवढाच तिचा हेतू आहे. वाहक मुलीस किंवा मुलास विवाहास अयोग्य ठरविणे शास्त्रास धरून नाही.

उपचारांकडे पाहिल्यास त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी वर वर्णिलेली शर्यतच आहे असे दिसते. भरपूर पाणी पिणे हा पेशीतील संहती वाढू न देण्याचा उपाय होय. थंडीपासून बचाव व तापावर त्वरित उपचार हे वाटेतील विलंब टाळण्याचे उपाय होत. लहान मुलांना नियमित पेनिसिलीन व लसी देतात त्या निकामी झालेल्या प्लीहेची उणीव भरून काढण्यासाठी. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनाचे प्रमाण वाढते. ते तंतूंत सामील होत नसल्यामुळे सिकल हीमोग्लोबिन विरळ होते व विलंबकाल लांबतो. त्याच औषधाने पांढऱ्या पेशींची संख्याही घटते. इ. स. १९९५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधाने प्रौढ रुग्णांतील तीव्र वेदनांचे प्रसंग सुमारे निम्म्यावर आले. भारतातील पुष्कळ रुग्णांत गर्भकालीन हीमोग्लोबिन मुळातच आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा अधिक असते व त्यांचा विकार तुलनेने सौम्य असतो. तथापि मध्य भारतात तीव्र स्वरूपाचे रुग्णही थोडे नाहीत, हे विसरून चालणार नाही. इ. स. २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिका येथे रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील मूळपेशींत जनुकीय बदल करण्याच्या उपचारास मान्यता मिळाली. तिचेही तत्त्व गर्भकालीन हीमोग्लोबिनाची निर्मिती पुन्हा सुरू करणे हेच आहे. हा उपचार अतिशय महाग आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे भारत सरकारच्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. सात कोटी लोकांची तपासणी व इ. स. २०४७ पर्यंत हा विकार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपुष्टात आणणे हे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर हाती येणारा निष्कर्ष लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितला गेला तरच अशा मोहिमेचे सार्थक होईल. गोंडी, माडिया, कोरकू, भिली, पावरी बोलणाऱ्या कुटुंबास वाहक या शब्दाचा अर्थ नीट न कळता केवळ कागद मिळाला, तर त्यातून ज्ञानाऐवजी भय पसरण्याचा संभव अधिक.

उपसंहार

निरोगी शरीरात प्रत्येक तांबडी पेशी आपल्या आयुष्यात पावणेदोन लाख वेळा तिच्याहून अरुंद वाटेतून जाते आणि त्याची जाणीवही होत नाही. ही सहजता वाहिनीची मंद गती, भित्तीचा पातळपणा, पेशीचे सैल आवरण व हीमोग्लोबिनाचा न गोठणारा दाट द्राव या चार गोष्टींच्या मेळातून आली आहे. त्यांपैकी एकीत, ५७४ ॲमिनो अम्लांच्या रेणूत दोन ठिकाणी, अल्पसा फरक पडला की तीच वाट संकटाची होते. हार्वेने गणिताने ओळखलेला व मालपीगीने डोळ्यांनी पाहिलेला तो सूक्ष्म दुवा अशा रीतीने आज गडचिरोली व नंदुरबारमधील मुलांच्या दुखण्याशी जोडला गेला आहे. त्या मुलांच्या पाणी पिण्याकडे, थंडीतील पांघरुणाकडे व साध्या तापाकडे लक्ष पुरविणे हा याच ज्ञानाचा उपयोग होय, आणि तो करण्यास महागड्या साधनांची वाट पाहण्याचे कारण नाही.